वाखाची पिशवी

कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालेली एस. टी. मुरबाड मागे टाकून पुढे गेली की टोकावडे येतं. तिथून थोडं आत, एका पाड्यावर, माझ्या एका शिक्षकमित्राचं घर आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला मी तिथे दोन दिवस राहिलो होतो. आज सांगणार आहे ती हकिकत त्या घराच्या ओटीवरची.

ओटीच्या एका टोकाला वहिनी क्रोशाची सुई घेऊन बसल्या होत्या. त्यांचा हात असा बसलेला, की बोलता बोलता साखळ्या, मुके खांब, खांब झरझर पडत जातात. दाराचं तोरण, मोबाइलचा बटवा, तान्ह्या बाळाचं टोपरं, काय हवं ते करतात. लोकर कल्याणच्या बाजारातून येते. लोकर आपण म्हणतो खरी, पण या रंगीत गुंड्यांपैकी बहुतेकांचा मेंढराशी काही संबंध नसतो. कारखान्यात रसायनांपासून काढलेला तो अ‍ॅक्रिलिकचा धागा. खरी लोकर पाहायची तर पौषी पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेला जावं. तिथे घोंगड्या विकायला येतात. चिंचोक्याची खळ दिलेल्या कोऱ्या घोंगडीवरून एकदा हात फिरवला, की फरक सांगावा लागत नाही.

ओटीच्या दुसऱ्या टोकाला मित्राचे वडील ढेरा फिरवीत होते. ढेरा म्हणजे दोन काठ्या एकमेकींवर आडव्या बसवून केलेली भिंगरी. ती लोंबती ठेवून गरगर फिरवली, की वरच्या वाखाला पीळ बसत जातो. वाख म्हणजे अंबाडीच्या सालीचे तंतू, हे गावाकडच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. पण मुलांना ठाऊक असेलच असं नाही. त्या घरच्या गोठ्यात आता दावी, कासरे सगळं नायलॉनचं. बाबा आपले सवयीने वळतात. त्या पाड्यावर वाख वळणारे ते एकटेच उरले आहेत.

कित्येक वर्षं सासरा आणि सून याच ओटीवर बसत आली. धागा कसा होतो हे एकाला ठाऊक, धाग्याचं काय करावं हे दुसरीला. पण या टोकाची वस्तू त्या टोकाला कधी गेली नव्हती. मी सहज म्हटलं, “वहिनी, या सुतळीवर सुई चालवून पाहिलीत का कधी?”

“भाऊजी, बोटं सोलवटून निघतील माझी!”

आणि निघालीच. पोलादाची बारीक सुई वाखात अडकायची, तंतू फुटायचे, साखळी ओढली की पुढे सरकायची नाही. तीन ओळी झाल्यावर वहिनींनी ते काम बाजूला टाकलं. बाबा इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अगं पोरी, ही सुतळी बैलासाठी वळलेली. तुझ्या सुईसाठी वेगळी वळायला नको?” त्यांनी वाख विंचरून मोजकेच तंतू घेतले, हात ओला केला आणि पीळ हलका ठेवला. शिवाय कोयत्याने बांबूची एक जाड आकडी तासून दिली. त्या आकडीवर वहिनींचा हात पुन्हा चालू लागला. मीही ढेरा फिरवून पाहिला. “मास्तर, फिरवा, पण हिसका नको,” असं बाबा तीनदा म्हणाले आणि तिन्ही वेळा माझा धागा तुटला!

सगळं मर्म पिळात आहे. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. दोन हात लांबीचा जाड सुती दोरा घ्यावा. एका मुलाने एक टोक धरावं, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला एकाच दिशेने पीळ देत जावं. दोरा चांगला ताठरला की मध्यावर बोट लावून दोन्ही टोकं जुळवावीत आणि बोट काढावं. दोरा आपणहून दुपदरी वळला जातो. प्रत्येक पदर उलगडू पाहतो, आणि उलगडता उलगडता दुसऱ्याभोवती उलट दिशेने गुंडाळला जातो. मग दोघे एकमेकांना सुटू देत नाहीत. करगोटा असो, कासरा असो की जहाजाचा दोर, युक्ती हीच. आपल्या आज्या कापसाच्या वाती वळतात तेव्हा कताईची पहिली पायरीच चढत असतात. तिला कोणी कला म्हणत नाही, एवढंच.

१९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींची हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची कल्पना पुढे आली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. त्यात कताईला मोठं स्थान होतं. पुढे बहुतेक शाळांतून टकळी गेली. कार्यानुभवाचा तास राहिला. त्यात पुष्कळदा बाजारचा रंगीत कागद कापून फुलं होतात. त्याऐवजी बांधावरच्या अंबाडीपासून पिशवीपर्यंतचा प्रवास मुलांना का दाखवू नये?

मात्र अंबाडी फुलावर येईपर्यंत उभी ठेवावी लागते, आणि इथेच घोडं अडतं; कारण भाजीसाठी आपण तिचे शेंडे आधीच खुडतो. फुलावर आलेली ताटं कापून, जुड्या बांधून साचलेल्या पाण्यात बुडवायच्या. दोनेक आठवड्यांनी साल सुटी होते. मग धुवायची, झोडपायची, वाळवायची. पिण्याच्या पाण्यात किंवा मासळीच्या डोहात हे मुळीच करू नये, पाणी नासतं. घायपाताचाही वाख निघतो, तो पानं ताजी असतानाच खरवडून. पण त्याच्या रसाने अंगाला खाज सुटते, तेव्हा लहान मुलांना तो देऊ नये.

विकायचं काय, असं कोणी विचारील. मला घाई नाही. आंध्र प्रदेशातल्या नरसापूर भागातल्या बायकांनी क्रोशाने विणलेली लेस परदेशी जात आली. मारिया मीस या बाईंनी त्यावर लिहिलेलं पुस्तक १९८२ साली निघालं. घरी रिकाम्या बसून फावल्या वेळात विणतात, असं त्या बायकांना धरलं गेलं आणि म्हणून मजुरी अगदीच तुटपुंजी राहिली, असं त्यात दाखवलं आहे. म्हणून वहिनींना मी इतकंच सुचवलं, की एका पिशवीला किती तास लागले ते भिंतीवर खडूने लिहीत जा.

मी निघालो तेव्हा पिशवी निम्मी झाली होती, आणि एका बाजूला झुकली होती. बाबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, बंद ओढून पाहिला आणि म्हणाले, “बंद तेवढा मी वळतो.” यंदा बांधावरच्या अंबाडीची एक ओळ भाजीला खुडायची नाही, असं त्या घरात ठरलं आहे.