डिशचा बॉक्स नक्की कोणाचा?

श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापूरहून आम्ही बोलतोय, बचत गटांचं काम बघणाऱ्या. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज बोलायचंय डिशच्या बॉक्सवर. टीव्हीशेजारी ठेवलेला तो काळा डबा, जो पावसाळा आला की हटकून रुसतो.

कुणी म्हणेल, टीव्ही म्हणजे चैन, त्यावर गटात कशाला बोलायचं? पण २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा पहिली ते आठवीच्या पोरांसाठी ‘टिलीमिली’ मालिका सह्याद्री वाहिनीवरच लागायची. शेतीचा कार्यक्रम, पावसाचा अंदाज, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची दुपार, हे सगळं त्या डब्यातूनच येतं. शिवाय रिचार्जचे पैसे बहुतेक घरांत बाईच्याच हातातून जातात. खुरपणीची मजुरी, दुधाचा पगार, शिलाईचे चार पैसे. म्हणून तो डबा बिघडला की हिशोबही आपणच विचारायला हवा.

आमच्या एका गटातल्या ताईंचं सांगतो. मालक वारले, मुलगा चाकणला कंपनीत. घरचा बॉक्स आपोआप बंद पडायचा आणि पुन्हा चालू व्हायचा. माणूस आला, अडीचशे रुपये घेऊन गेला. महिन्याभरात पुन्हा तेच, तेव्हा चारशे गेले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “मावशी, हा गेला, नवा विकत घ्या.” ताई गटातून उसने पैसे मागायला आल्या. बैठकीत आम्ही एवढंच विचारलं, “ताई, जोडणीचा कागद आहे का?” पत्र्याच्या पेटीत सापडला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: बॉक्स भाडेतत्त्वावर. म्हणजे डबा कंपनीचा, दुरुस्ती कंपनीची, आणि पैसे भरत होत्या आमच्या ताई!

आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. पैसे काढायच्या आधी डबा कोणाचा ते बघा. विकत घेतला असेल तर तो आपला. तेव्हा वॉरंटी किती ते पावतीवर बघायचं. नियमाप्रमाणे ती किमान वर्षभराची असायला हवी. भाड्याचा असेल तर तो कंपनीचा. भाडं चालू असेपर्यंत तो चालता ठेवणं, नाहीतर बदलून देणं, हे कंपनीचं काम. दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्याला ‘ट्राय’ म्हणतात, त्यांचे २०१७ चे नियम आहेत. भाड्याच्या बॉक्सच्या दुरुस्तीचे वेगळे पैसे ग्राहकाकडून घ्यायचे नाहीत, असं त्यात आहे. मात्र आपण डबा खोलला, पोराने पाडला, पाणी सांडलं, तर ती जबाबदारी आपली. म्हणून गल्लीतल्या हुशार भाच्याला स्क्रू उघडू देऊ नका.

कागद हरवला असेल तरी घाबरू नका. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून ग्राहक क्रमांक सांगा आणि एकच प्रश्न विचारा, “आमचा बॉक्स भाड्याचा आहे की मालकीचा?” उत्तर वहीत लिहा.

आता दुसरी गोष्ट. बिघाड खरंच बॉक्सचा आहे का? बॉक्सवरचा दिवा लागतच नसेल किंवा बॉक्स सारखा बंद-चालू होत असेल, तर आधी अ‍ॅडॅप्टर तपासायचा. पुष्कळदा दोष त्याच्यातच असतो आणि बिचारा बॉक्स बदनाम होतो. दिवा लागतो, पण पडद्यावर ‘सिग्नल नाही’ येतं, तर छत्रीकडे बघा. वाऱ्याने हलली का? वायरीच्या टोकाला पाणी शिरून गंज चढला का? जोराच्या पावसात सिग्नल जातोच, कारण तो छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून येतो आणि दाट पाऊस त्याला अडवतो. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येतं. तेवढ्यासाठी माणूस बोलावू नका.

याहून सोपी युक्ती सांगतो. शेजारी त्याच कंपनीची डिश असेल, तर आपला बॉक्स, त्याचा अ‍ॅडॅप्टर आणि कार्ड असेल तर कार्डासकट, त्यांच्याकडे नेऊन लावा. तिथे चालला तर बॉक्स धड आहे, दोष आपल्या छत्रीत किंवा वायरीत. तिथेही नाही चालला तर दोष बॉक्सचा किंवा अ‍ॅडॅप्टरचा. दुसऱ्या कंपनीच्या छत्रीवर मात्र ही परीक्षा होत नाही, कारण बहुतेकींचा उपग्रह वेगळा असतो. दहा मिनिटांचं काम, पण यामुळे कंपनीशी बोलताना आपला आवाज ठाम राहतो.

तिसरी गोष्ट, तक्रार. दारात आलेल्या माणसाला सांगणं म्हणजे तक्रार नव्हे. कंपनीच्या क्रमांकावर फोन करायचा आणि तक्रार क्रमांक मागून घ्यायचा. गटाचं प्रोसिडिंग लिहितो तसं लिहायचं: तारीख, वेळ, काय बोलणं झालं, कोण येणार. कुणी पैसे मागितले तर म्हणायचं, “भाऊ, छापील पावती द्या.” पावती नाही तर पैसे नाहीत. दाद मिळाली नाही तर कंपनीच्या राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे जायचं. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. तो पाठ करून ठेवा. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आपला अहिल्यानगरला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

चौथी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जोडणी कोणाच्या नावावर आहे? त्या ताईंची जोडणी वारलेल्या मालकांच्या नावावर होती आणि मोबाइल नंबर चाकणच्या मुलाचा. कंपनीने ओटीपी पाठवला की तो जायचा चाकणला, आणि मुलगा ड्युटीवर. डबा घरात, पैसे ताईंचे, पण कंपनीच्या लेखी ताई कुणीच नाहीत! पहिले आठ दिवस त्यातच गेले. शेवटी मुलाला सुट्टीच्या दिवशी फोनवर घेतलं, नाव आणि नंबर बदलायचा अर्ज दिला. त्यानंतर तक्रार ताईंनी स्वतः केली. बॉक्स बदलून मिळाला, पैसे न देता. आधीच्या साडेसहाशे रुपयांची पावती नव्हती, ते काही परत आले नाहीत.

सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर नाव लावायचं आपण नेहमी बोलतो. गॅसची टाकी, लाइटचं मीटर, डिश, यांवरही बघा. ज्या वस्तूचे पैसे आपण भरतो, तिच्यावर आपला नंबर असायला हवा.

बॉक्स बदलताना काय जपायचं? जुना बॉक्स भाड्याचा असेल तर तो भंगारवाल्याला द्यायचा नाही. कंपनीच्या माणसाला द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची, नाहीतर उद्या त्याचे पैसे आपल्याकडे मागतील. जोडणी कायमची बंद करत असाल आणि अनामत भरलेली असेल, तर ती परत मागा. नव्या बॉक्सचा क्रमांक वहीत लिहा, आणि तो भाड्याचा की मालकीचा हेही.

ज्यांना महिन्याचं रिचार्ज जडच जातं, त्यांच्यासाठी प्रसार भारतीची डीडी फ्री डिश आहे. २००४ पासून चालू आहे. बॉक्स आणि छत्री एकदा विकत घ्यायची, महिन्याचं काही नाही. सह्याद्री त्यावर दिसते. आवडीच्या सगळ्या मालिका मात्र दिसतीलच असं नाही, ते आधी कुणाकडे तरी बघून घ्या. जुनी छत्री वापरायची असेल तर बहुतेकदा तिची दिशा फिरवावी लागते.

आणि बॉक्स टिकवायचा असेल तर वळवाच्या पावसात, वीज कडाडायला लागायच्या आधीच प्लग काढा. तेव्हाच छत्रीची वायरही बॉक्समधून काढून ठेवा. लाइट गेली तरी बटण बंद करा. परत येताना ती कधी कधी जास्त दाबाने येते, आणि डबे तेव्हाच जळतात.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने डिशचा कागद घेऊन यायचं. ज्यांना वाचता येतं त्यांनी शेजारणीचा वाचून दाखवायचा. भाड्याचा की मालकीचा, नाव कोणाचं, नंबर कोणाचा, एवढ्या तीन गोष्टी वहीत लिहायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे. नमस्कार.