कोणी कोणाला सोडविले?

संकटात सापडलेल्याला सोडवून आणणे हा गोष्टींचा फार जुना व्यवसाय आहे. मगराने पाय धरलेला गजेंद्र घ्या, अशोकवनातली सीता घ्या. कोणी तरी अडकते, कोणी तरी धावून येते आणि ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मात्र अशा गोष्टींत धावणारा बहुधा ठरलेला असतो आणि अडकणाराही ठरलेला असतो. यमाच्या पाठोपाठ चालत जाऊन नवऱ्याला परत आणणारी सावित्री ही अपवाद. आणि अपवाद म्हणूनच ती इतकी लक्षात राहिली. विज्ञानकथा तर उद्याच्या जगाच्या गोष्टी सांगते. तिथे तरी ही वाटणी बदलली आहे का? आज आपण हे एकाच मालिकेच्या आधाराने पाहू.

ही मालिका इंग्लंडची. नाव ‘डॉक्टर हू’. बी. बी. सी.च्या टेलिव्हिजनवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी तिचा पहिला भाग दाखविला गेला. तिची पहिली निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट त्या वेळी अवघी २७ वर्षांची होती, आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा आपल्या लखनौत जन्मलेला. कथेचा नायक, ज्याला सगळे नुसते ‘डॉक्टर’ म्हणतात, तो परग्रहावरचा प्रवासी. त्याचे वाहन टार्डिस. बाहेरून पाहाल तर लंडनच्या रस्त्यावरची पोलिसांची निळी पेटी, आत शिराल तर वाडाच्या वाडा! या पेटीत बसून तो कोणत्याही काळात आणि कोणत्याही ठिकाणी जातो. निदान जाण्याचा प्रयत्न तरी करतो. शरीर मरायला टेकले की त्याला नवे शरीर मिळते. त्यामुळे नट बदलत गेले, पण डॉक्टर टिकला. १९८९ साली मालिका थांबली आणि २००५ साली पुन्हा सुरू झाली. या साऱ्या प्रवासात त्याच्याबरोबर जवळजवळ नेहमीच कोणी ना कोणी असते, आणि ते बहुधा तुमच्याआमच्यासारखे माणूस असते. त्याला आपण सोबती म्हणू.

आता या मालिकेविषयी एक समज फार पसरलेला आहे. तो असा, की सोबती म्हणजे एक तरुण मुलगी. तिने धावताना पाय मुरगळून घ्यायचा, किंकाळी फोडायची आणि डॉक्टरने येऊन तिला सोडवायचे. समज अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. किंकाळ्या पुष्कळ झाल्या. त्यामागे एक साधा हिशेब होता. सुरुवातीच्या काळात एक कथा चार चार, सहा सहा आठवडे चाले. दर आठवड्याला सुमारे पंचवीस मिनिटांचा एक भाग. प्रेक्षकाने पुढच्या आठवड्यात परत यावे म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी कोणाच्या तरी गळ्याशी सुरी लागलीच पाहिजे. म्हणजे सहा भागांच्या कथेत पाच वेळा कोणाला तरी संकटात टाकणे आले. मग लेखक मंडळींची फाटाफूट करतो. एकाला तुरुंगात घालतो, दुसऱ्याला त्याच्या शोधात पाठवितो. तेव्हा या मालिकेत माणसे इतकी अडकतात याचे एक कारण त्यांचा दुबळेपणा नसून, शनिवार ते शनिवार हे अंतर आहे!

पण एखाद्या चिकित्सक माणसाने वही काढून, व्यापारी जमा आणि नावे मांडतो तशी, दोन रकान्यांत नोंद करायची ठरविली तर काय होईल? एका बाजूला डॉक्टरने सोबत्याला सोडविले ते प्रसंग, दुसऱ्या बाजूला सोबत्याने डॉक्टरला सोडविले ते. वही उघडली की पहिल्याच पानावर पंचाईत उभी राहते.

पहिली कथा पाहा. शाळेतले दोन शिक्षक, विज्ञानाचा इयन चेस्टरटन आणि इतिहासाची बार्बरा राइट, आपल्या एका विद्यार्थिनीच्या घराचा शोध घेत टार्डिसमध्ये शिरतात आणि डॉक्टर त्यांना त्यांच्या मर्जीविरुद्ध अश्मयुगात घेऊन जातो. तिथे सर्वांत आधी पकडला जातो तो डॉक्टरच! पुढे पळून जात असताना त्यांचा पाठलाग करणारा एक माणूस जनावराच्या हल्ल्यात जखमी होतो. बार्बरा म्हणते, याला असे टाकून जाता येणार नाही. डॉक्टरला हा उशीर नको असतो. तो एक दगड उचलतो. काय करायला, हे तो सांगत नाही. विचारल्यावर काही तरी सबब सांगतो. पण इयन त्याचा हात धरतो.

आता ही नोंद कुठे करायची? डॉक्टरच्या जिवाला त्या क्षणी काही धोका नव्हता. धोका होता तो त्याच्या हातून घडणाऱ्या कृत्याचा. माणसाला मरणापासून सोडविणे ही एक सुटका. माणसाला त्याच्याच हातापासून सोडविणे ही दुसरी. दोरी कापताना आवाज होतो, म्हणून पहिली सर्वांना दिसते. दुसरीत नुसते मनगट धरायचे असते. पण त्या दगडाचा घाव बसला असता तर पुढचा डॉक्टर आपल्याला पाहायलाच मिळाला नसता.

दुसऱ्या कथेत डॉक्टर यंत्र बिघडल्याची थाप मारतो, कारण त्याला समोरचे परके शहर पाहायचे असते. त्या थापेपायी चौघांनाही किरणोत्साराचा आजार जडतो, आणि औषध आणायला अंधाऱ्या रानातून एकटी जाते ती त्याची नात सुसान. तिसऱ्या कथेत तो दोन्ही शिक्षकांवर घातपाताचा आरोप करतो. टार्डिस काही तरी खुणा करून धोक्याची सूचना देते आहे, हे ओळखते बार्बरा. अखेर दोष सापडतो तो एका बटणात. त्याची छोटी स्प्रिंग अडकलेली असते, एवढेच! सर्वांचे प्राण वाचतात आणि त्या हट्टी म्हाताऱ्याला बार्बराची क्षमा मागावी लागते. इथे बार्बराने कोणाला वाचविले? चौघांना तर खरेच. पण त्या म्हाताऱ्याला त्याच्या संशयातूनही.

याचा अर्थ डॉक्टरच्या बाजूला काही जमा नाही असा नव्हे. १९७५ सालची डालेकांच्या जन्माची कथा घ्या. डालेक म्हणजे पोलादी कवचात बसलेले, दुसऱ्या कोणालाही जगू न देणारे प्राणी. या कथेच्या आरंभीच डॉक्टरचा पाय एका सुरुंगावर पडतो. पाय उचलला की स्फोट! त्याचा सोबती हॅरी जवळ बसून सुरुंगाखाली दगड सारून देतो आणि मग डॉक्टर अलगद पाय काढून घेतो. पुढे तोच हॅरी आणि सारा जेन शत्रूच्या हाती लागतात. त्यांना यंत्राला बांधून त्यांचा छळ करण्याची धमकी दिली जाते आणि डॉक्टरला विचारले जाते: भविष्यात डालेकांचे पराभव कुठे, कसे होणार ते सांग. लाखोंचे प्राण त्या माहितीवर अवलंबून. तरी तो सांगतो. दोन मित्रांचे हाल त्याला पाहवत नाहीत. त्या सुरुंगाखालच्या दगडाची आणि या कबुलीची किंमत एक-एक धरून बेरीज करायची का? कोणताही शहाणा कारकून इथे लेखणी खाली ठेवील.

किंमतीचाच विचार करायचा तर १९८४ सालची अँड्रोझानीची कथा आठवते. डॉक्टर आणि पेरी नावाची अमेरिकन मुलगी यांना एका गुहेत विषबाधा होते. दोघांची ओळख फार दिवसांची नाही. उतारा एकच: खोल गुहांतल्या वटवाघळांच्या राणीचे दूध. तो ते मिळवितो, पण परतीच्या वाटेवर काही सांडते आणि एकापुरतेच उरते. ते तो पेरीला पाजतो आणि स्वतः मरणाला सामोरा जातो. त्याला पुन्हा शरीर मिळणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्याला मात्र या खेपेस तशी खात्री वाटत नाही. मला ही सुटका मोठी वाटते ती एवढ्यासाठी, की या कथेत तो जग वाचवीत नाही. जग वाचविणाऱ्याला जयजयकार मिळतो. इथे एका मुलीचा जीव, आणि तोही नेमका काय घडले हे तिला धड कळण्याआधी.

२००५ साली मालिका परत आली तेव्हा लेखकांनी हा हिशेब उघडच पुढे मांडला. दुकानात काम करणारी रोझ पहिल्याच भागात साखळीला लोंबकळून झेप घेते आणि प्लास्टिकच्या पुतळ्यांनी धरून ठेवलेल्या डॉक्टरला सोडविते. २००८ साली तर एक पूर्ण भाग या प्रश्नावरच बेतला गेला. डॉना नोबल नावाची बाई एका चौकात डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळते आणि त्यामुळे तिची डॉक्टरशी गाठच पडत नाही. परिणाम? शत्रूचा नाश करण्याच्या भरात, आता पुरे, असे म्हणणारे कोणी जवळ नसल्यामुळे डॉक्टर थेम्स नदीखाली मरतो. पुढच्या संकटांत लंडन नष्ट होते. इयनने धरलेले ते मनगट आठवते ना? पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा तीच गोष्ट.

आणि याच डॉनाच्या बाबतीत सुटकेची काळी बाजूही दिसते. विश्व वाचविताना डॉक्टरचे ज्ञान तिच्या डोक्यात उतरते, आणि ते मानवी मेंदूला पेलणारे नसते. डॉक्टर तिची आठवण पुसून टाकतो. ती नको नको म्हणत असते. जीव वाचतो, पण ज्या दिवसांत ती मोठी झाली ते दिवस जातात. पुढे २०२३ साली ती आठवण परत आली, पण तो प्रश्न राहतोच. वाचविणाऱ्याला वाचणाऱ्याचे ‘नाही’ मोडण्याचा अधिकार किती? आईबाप, डॉक्टर, सरकार, सगळ्यांनी स्वतःला विचारावा असाच हा प्रश्न आहे.

शेवटी एक कथा आपल्या जवळची. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी दाखविलेली, विनय पटेल यांनी लिहिलेली, पंजाबच्या फाळणीची. आता डॉक्टर स्त्रीरूपात आहे, आणि तिची सोबतीण यास्मिन खान आपल्या आजीचा भूतकाळ पाहायला ऑगस्ट १९४७ मध्ये जाते. आजी मुसलमान, तिचा पहिला नवरा प्रेम हिंदू. घर भर नव्या सीमेवर. प्रेम मारला जाणार हे यांना कळते. त्याला वाचविले तर इतिहास बदलेल आणि यास्मिनचा जन्मच होणार नाही. सारे कालयंत्र हाताशी असून ही मंडळी पाठ फिरवून चालू लागतात, आणि मागे गोळीचा आवाज येतो. तिथे परग्रहावरचे दोन जीव मात्र थांबतात. एके काळी ते मारेकरी होते. आता ज्यांच्या मरणाजवळ कोणी नसते त्यांच्याजवळ उभे राहणे हेच त्यांचे व्रत. ते प्रेमला वाचवीत नाहीत. फक्त त्याला एकटा मरू देत नाहीत.

ही नोंद वहीच्या दोन्ही रकान्यांत बसत नाही. पण फाळणीत ज्यांची माणसे अशी गेली त्यांना विचाराल, तर ही काहीच नव्हे असे ते म्हणणार नाहीत. म्हणून मला वाटते, कोणी कोणाला किती वेळा सोडविले ही मोजणी करावी, जरूर करावी. कारण मोजायला बसले म्हणजेच कळते, की ज्याला आपण तारणारा समजत होतो त्यालाही वेळोवेळी कोणी तरी तारले आहे. कधी दोरी कापून, कधी मनगट धरून. आणि जिथे दोन्ही करता येत नाही, तिथे निदान तोंड न फिरविता.