ट्रकचालकांचे गुरुजी

सातारा-सांगलीकडच्या अनेक ट्रकचालकांनी ऊस, द्राक्षं, हळद वाहण्यात निम्मं आयुष्य घालवलेलं असतं. हा अनुभव शिकवण्याच्या कामी लावता येतो. परवानाधारक मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रशिक्षक होण्यासाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी काही अटी घातल्या आहेत. किमान दहावी पास, ५ वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाचं सरकारमान्य संस्थेचं प्रमाणपत्र हवं. वाहतुकीची चिन्हं आणि नियम तोंडपाठ हवेत, गाडीचा प्रत्येक भाग काय काम करतो हे समजावूनही सांगता यायला हवं.

खंबाटकीचा किंवा कुंभार्लीचा घाट घ्या. भरलेली गाडी उतारावर न्यूट्रल केली, की इंजिनाचा रोध संपतो, सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात आणि ऐनवेळी ब्रेक धरत नाहीत. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा. जुन्या चालकाच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. प्रशिक्षकाला त्यामागचं कारणही सांगता आलं पाहिजे. इच्छुकांनी कागदपत्रं घेऊन जवळच्या आरटीओ कार्यालयात चौकशी करावी.