‘ओ’ म्हणजे नातू

श्रोतेहो, डेरेक ओब्रायन हे नाव आपल्याला आधी प्रश्नमंजूषेमुळे आणि नंतर राज्यसभेतल्या भाषणांमुळे चांगलं ओळखीचं आहे. कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातल्या या गृहस्थांचं आडनाव मात्र थेट आयर्लंडचं. त्यातला पहिला ‘ओ’ हे कुणाच्या नावाचं आद्याक्षर नव्हे. आयरिश भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘ओ’ म्हणजे नातू.

ओब्रायन म्हणजे ब्रायनचा नातू. हा ब्रायन म्हणजे ब्रायन बोरू. शॅनन नदीकाठच्या एका लहानशा कुळाचा हा नायक १००२ मध्ये साऱ्या आयर्लंडचा अधिराजा झाला. २३ एप्रिल १०१४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, डब्लिनजवळ क्लॉनटार्फला मोठी लढाई झाली. समोर डब्लिनचे नॉर्स आणि लेन्स्टर प्रांतातले आयरिश असे दोघेही होते. लढाई ब्रायनच्या सैन्यानं जिंकली. पण ब्रायन, त्याचा मुलगा आणि एक नातू असे तिघेही त्याच दिवशी पडले.

दुसरा एक नातू, टर्लो, पुढे बलाढ्य राजा झाला आणि १०८६ मध्ये वारला. त्याला ‘ब्रायनचा नातू’ म्हणत, ते अक्षरशः खरं होतं. त्याचा मुलगा मर्टा खरं तर ब्रायनचा पणतू. पण त्यालाही लोक ब्रायनचा नातूच म्हणू लागले. नातं तिथं थांबलं आणि आडनाव सुरू झालं! गंमत म्हणजे ‘ओ’ फक्त पुरुषांचा. आयरिशमध्ये याच घरातली मुलगी ‘नी व्रिअन’ होते आणि सून ‘ई व्रिअन’. इंग्रजीत हा भेद उरलाच नाही.

इंग्रजी सत्तेला ही नावं खुपत होती. १४६५ मध्ये कायदाच झाला. डब्लिन आणि आसपासच्या इंग्रजी अमलाखालच्या भागातल्या आयरिश माणसानं इंग्रजी आडनाव घ्यावं. मग ते एखाद्या गावाचं असो, काळा-पांढरा अशा रंगाचं असो, नाहीतर लोहार-सुतार अशा धंद्याचं. १५४३ मध्ये खुद्द ओब्रायनांचा प्रमुख मरो यानं आठव्या हेन्रीपुढे आपला राजेपणा सोडला आणि बदल्यात ‘अर्ल’ ही पदवी घेतली. राज्य गेलं, पण आडनाव राहिलं.

सगळ्यांचं तसं झालं नाही. पुढच्या दोन शतकांत जमिनी गेल्या, कचेऱ्यांची भाषा इंग्रजी झाली आणि ‘ओ’ लावणं म्हणजे मागासपणाची पाटी मिरवणं ठरलं. ओसुलिव्हनचे सुलिव्हन झाले, ओकेलीचे केली झाले. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून अधिक देशोधडीला लागली. बॉस्टन-न्यूयॉर्कला उतरलेल्यांपैकी कित्येकांच्या नावात आजोबा उरलेच नव्हते.

१८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली आणि भाषेबरोबर आडनावांचाही अभिमान जागा झाला. पुष्कळांनी ‘ओ’ परत लावला. आयरिश आडनावांचे गाढे अभ्यासक एडवर्ड मॅकलायसॅट हे जन्मानं नुसते लायसॅट. ‘मॅक’ त्यांच्या घराण्यानं नंतर परत घेतला. मर्फींनी मात्र ‘ओ’ सहसा परत घेतलाच नाही. सवय कायद्यापेक्षा चिवट असते.

आता एक नवा कारकून आलाय, संगणक. इंग्रजीत ‘ओ’नंतर वर एक स्वल्पविराम देतात, आयरिशमध्ये ‘ओ’च्या डोक्यावर तिरकी रेघ असते. कित्येक यंत्रणांना यातलं काहीच चालत नाही. अर्जाच्या चौकटीत नाव बसावं म्हणून माणूस स्वतःच ती खूण पुसतो. श्रोतेहो, खूण एवढीशीच असते. पण आपण कुणाचे, हे त्या एवढ्याशा खुणेतच लिहिलेलं असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)