जागा न अडविता भरून उरलेला



औंढा नागनाथाच्या देवळातील एक कथा कीर्तनांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवांना विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून पहुडलेले दिसले. नामदेवांनी पाय काढण्याची विनंती केली, तेव्हा विसोबांनी त्यांना, जेथे देव नसेल तेथे हे पाय नेऊन ठेवण्यास सांगितले. नामदेवांनी पाय जेथे जेथे ठेवले, तेथे तेथे त्यांच्याखाली पिंडी प्रकट झाली.

ही कथा ऐकून भाविक हात जोडतो. पण घरातील शाळकरी मुलगा विचारतो, एक दगड असतो तेथे दुसरा ठेवता येत नाही. मग देवाने सारे विश्व भरले असेल, तर विश्वाला जागा कोठे उरली? या प्रश्नाला दटावून गप्प बसविण्याची आपली परंपरा नाही. ज्या पित्याने असा प्रश्न आदराने हाताळला, त्याचा संवाद छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आहे.

उद्दालक आरुणीने पुत्र श्वेतकेतूला रात्री पाण्यात मीठ टाकावयास सांगितले. सकाळी ते परत मागितले. मीठ हाती लागेना. परंतु पाणी वरून, मधून, तळातून, कोठूनही चाखले तरी खारटच लागे. न दिसणारी वस्तू सर्वत्र असू शकते, हे मुलाला पटले. तरीही शंका पुरती फिटत नाही. मीठ आणि पाणी हे दोन्ही पदार्थच. विरघळलेले मीठही आपली जागा घेतेच.

त्या शंकेचे उत्तर याच अध्यायाच्या आरंभी आहे. मातीचा एक गोळा जाणला की मातीचे सारे घडे जाणल्यासारखे होतात, असे उद्दालक म्हणतो. घड्यात माती किती? संपूर्ण. मग घड्याला वेगळी आणि मातीला वेगळी जागा लागते काय? नाही. घडा आणि माती या शेजारी ठेवलेल्या दोन वस्तू नव्हेत. माती हे घड्याचे अस्तित्वच आहे. घडा फुटला तरी माती राहते. मातीवाचून मात्र घडा क्षणभरही राहू शकत नाही. ईश्वराची उपस्थिती ही अशी अधिष्ठानाची उपस्थिती आहे. जागा अडवितो तो पदार्थ. पदार्थाला आणि जागेलाही जो आधार देतो, तो ईश्वर.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत सर्व भूते आपल्या ठायी असल्याचे सांगतात आणि आपण मात्र त्यांच्या ठायी नाही, असेही म्हणतात. वरवर हा विरोध वाटतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वर महाराजांनी हा अध्याय मराठीत उलगडताना सोने आणि अलंकार यांचा दाखला दिला. अलंकार सोन्यात आहे. सोने अलंकारात कोंडलेले नाही. इतके ध्यानी आले की विरोध मावळतो.

मग तीर्थाला का जावे, देव्हारा का मांडावा? ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात आद्य शंकराचार्यांनी हा विषय हाताळला आहे. सर्वव्यापी ब्रह्म हृदयासारख्या लहानशा स्थानी कसे असेल, या आक्षेपाला ते आकाशाचे उदाहरण देतात. आकाश सर्वत्र असूनही सुईच्या नेढ्यापुरते म्हटले जाते. त्यामुळे ते लहान होत नाही. शाळिग्रामात हरीची उपासना करतात, तसेच हे आहे. स्थान देवाला सामावून घेण्यासाठी नसते. उपासकाचे चित्त स्थिर व्हावे म्हणून असते. मूर्तिपूजेची थट्टा करणाऱ्यास आणि देव मूर्तीपुरताच मानणाऱ्यासही हे एकच उत्तर पुरेसे आहे.

मात्र हे तत्त्व कळूनही वळले नाही, तर समाजाचा घात होतो. ज्याला सीमा नाही, त्याच्याभोवती माणसांनी कुंपण घातले. चोखोबांसारखा संत पांडुरंगाच्या महाद्वाराबाहेरच राहिला. त्याची समाधीही त्या द्वारासमोरच आहे. पंढरीचे ते मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे, म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरातच उपोषण करावे लागले. अणुरेणूत देव पाहणाऱ्या समाजाला शेजारच्या माणसात तो दिसू नये, याहून मोठा वदतोव्याघात कोणता?

ईश्वराला राहण्यासाठी जागा लागत नाही. माणसाला मात्र दुसऱ्यासाठी अंतःकरणात जागा करावी लागते. शाळकरी मुलाने पुन्हा तो प्रश्न विचारला, तर त्याच्यासमोर पाण्याचा पेला आणि चिमूटभर मीठ ठेवावे. मातीचा घडा दाखवावा. आणि दारी आलेल्या कोणाचेही स्वागत त्याच्यादेखत अशा रीतीने व्हावे, की उरलेले उत्तर त्याला शब्दांवाचून मिळेल.