संथ इंजिनाचा उजेड

इंग्लंडमधील डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास एक संथ डिझेल इंजिन आणले. त्याच्या सहा अश्वशक्तीच्या नमुन्याची दोन अवजड चक्रे मिनिटाला अवघे ६५० फेरे घेत. पुढे राजकोटच्या कारखान्यांत त्याच्या प्रतिकृती होऊ लागल्या, आणि विजेच्या तारांपासून दूर राहणाऱ्या अमेरिकेतील काही हौशी मंडळींनी त्या घरी नेल्या.

इंजिन आले की ते आधी सुटे करावयाचे. ओतकामाची वाळू आत राहिली असेल, तर ती बेअरिंगांना खाते. म्हणून एकेक भाग धुऊन मगच जोडावयाचा. इंजिन थंड करताना तापलेल्या पाण्यावर कित्येकांनी घरेही उबदार ठेवली.

आपण बटन दाबतो आणि उजेड गृहीत धरतो. या मंडळींचा दिवाही विझतो. पण तो का विझला, हे त्यांना ठाऊक असते.