दप्तर आपलं, किल्ली कुणाची?

(अहिल्यानगर जिल्ह्यातील समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज बोलायचंय ते जुन्या लॅपटॉपवर जुनी ऑपरेटिंग सिस्टीम परत कशी टाकायची, यावर. तुमच्यापैकी काहीजणींच्या मनात आलं असेल, की पोटगी, हिंसा, ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांचे प्रश्न असे विषय समोर असताना हे मेकॅनिकचं काम कुठून काढलं? शंका रास्त आहे. पण आपल्या केंद्रांत गेल्या वीस वर्षांत आलेल्या बायकांचं म्हणणं आज कुठे आहे, याचा जरा विचार करा. थोडं वाळवी लागलेल्या कागदांत आहे आणि बरंचसं अशाच म्हाताऱ्या यंत्रांत आहे. ती यंत्रं भंगारात गेली, तर एकदा घरात दाबलं गेलेलं म्हणणं दुसऱ्यांदा दाबलं जाईल, आणि या वेळी ते आपल्या कपाटात दाबलं जाईल.

आधी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगते. घरात सगळ्यांच्या आधी उठून बाकीच्यांना कामाला लावणारी बाई असते ना, तसा हा यंत्रातला पहिला प्रोग्रॅम. पडदा, कळफलक, प्रिंटर, फायली या सगळ्यांचा मेळ तो घालतो. तो नीट चालतो तोवर त्याचं काम कुणाच्या नजरेत येत नाही. तो आजारी पडला की घर ठप्प! विंडोज हे त्यातलं आपल्या ओळखीचं नाव. एक्सपी २००१ साली आली, विंडोज ७ आली २००९ साली, विंडोज १० आली २०१५ साली आणि ११ आली २०२१ साली. कंपनी प्रत्येक आवृत्तीची देखभाल काही वर्षं करते आणि मग थांबवते. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि ११ साठी यंत्रात किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आपल्या केंद्रांतली बरीचशी यंत्रं देणगीतून आलेली. ती या परीक्षेत बसतच नाहीत.

म्हणजे काय झालं? यंत्र चालू आहे, बटणं शाबूत आहेत, पण तारखेने त्याला म्हातारं ठरवलं. दुकानदार सांगतो, "मॅडम, आता हे फेका, नवीन घ्या." नवीन घ्यायला पैसे कुठून आणायचे हा एक प्रश्न. त्याहून मोठा प्रश्न असा, की नव्या यंत्रावर आपलं जुनं दप्तर उघडेल का?

इथे मराठीचा एक खास गुंता आहे. आज आपण फोनवर जे मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये असतं. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ साली मिळाली, पण आपल्या कार्यालयांपर्यंत ते पोचायला बरीच वर्षं लागली. तोवर आपण मराठी लिहायचो ते निराळ्या सॉफ्टवेअरमध्ये. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी ही नावं जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असतील. त्या काळच्या बहुतेक फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले असत. कुठे काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धा न. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच. फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली, की मराठीचा पदर सरकतो आणि खालची अगम्य चिन्हं उघडी पडतात. 'नवऱ्याने मारहाण केली' हे वाक्य मग कुणालाच वाचता येत नाही.

आमच्या केंद्राचं उदाहरण सांगते. २००४ पासूनच्या नोंदी आधी एका टेबलावरच्या संगणकात होत्या, २०११ साली त्या लॅपटॉपवर आल्या. तो विंडोज ७ चा, २ जीबी मेमरीचा. पुढे त्याच्यावर नवी आवृत्ती चढवली गेली. एवढ्याशा मेमरीवर ती चालणार कशी? सुरू व्हायला दहा मिनिटं लागू लागली. केसची नोंदवही एका जुन्या छोट्या प्रोग्रॅममध्ये होती. तो उघडेना. मराठीच्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे यंत्राला खोचायची कुलपासारखी डबी लागायची. ती ओळखली जाईना.

आणि नेमकी तेव्हाच एक बाई आली. नाव-गाव सांगत नाही. ती २००८ साली पहिल्यांदा आमच्याकडे आली होती, तेव्हा नवऱ्याने लेखी समझोता केला होता. आता पोटगीच्या कामात समोरची बाजू म्हणत होती, की आधी कधी भांडणच नव्हतं. तिच्याकडची प्रत सासरीच राहिलेली, आमचा कागद वाळवीने खाल्लेला. उरली होती ती लॅपटॉपमधली नोंद.

मग आम्ही तिघी बसलो. एक एमएस-सीआयटी झालेली, एक नववी शिकलेली, आणि मी. काय केलं ते क्रमाने सांगते, लिहून घ्या.

पहिलं काम: सगळ्या फायलींची नक्कल दोन वेगवेगळ्या बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि दोन्ही नकला दुसऱ्या यंत्रावर उघडून तपासल्या. प्रणाली नव्याने टाकताना डिस्क पुसली जाते, त्यामुळे हे झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. यंत्र सुरूच होत नसेल, तर पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स वापरून आतल्या फायली बाहेर काढता येतात, डिस्क शाबूत असेल तर.

दुसरं: जुना फाँट नव्या यंत्रावर टाकून पाहिला. वर्डमधली पत्रं पुष्कळदा एवढ्यानेच वाचता येतात. तुमचं काम इथेच भागलं, तर जुनी प्रणाली टाकण्याची गरजच नाही. आमची पत्रं उघडली, नोंदवही उघडली नाही.

तिसरं: सामान गोळा केलं. लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरवर २५ अक्षरांची किल्ली असते. ती पुसट होते, म्हणून आजच घरी गेल्यावर उतरवून ठेवा. खरेदीच्या वेळी बनवलेली रिकव्हरी डीव्हीडी कपाटात सापडली. ती नसेल, तर ओळखीच्या कुणी दिलेली 'क्रॅक' सीडी घालू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय तिच्यात काय लपलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. यंत्राच्या मॉडेलचे ड्रायव्हर, म्हणजे पडदा, वायफाय, आवाज यांना चालवणारे छोटे प्रोग्रॅम, कंपनीच्या साइटवरून आधीच पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. विंडोज ७ ला यूएसबी ३ च्या खाचा आपल्याआप ओळखता येत नाहीत, म्हणून पेनड्राइव्ह जुन्या खाचेत लावायचा. ३२ बिटची प्रणाली होती की ६४ बिटची, हेही पाहिलं. फार जुने प्रोग्रॅम ६४ बिटवर चालत नाहीत.

चौथं: चार्जर लावून, डीव्हीडी घालून यंत्र सुरू केलं. डीव्हीडीवरून सुरू होण्यासाठी कुठली कळ दाबायची ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, सुरुवातीला पडद्यावर क्षणभर दिसतं. पुढे पडदा विचारेल तसं उत्तर देत जायचं. प्रणाली बसली, मग ड्रायव्हर, मग मराठीचं सॉफ्टवेअर, मग डोंगल, मग नोंदवही. दुपारी बसलो होतो, दिवेलागणीला नोंदवही उघडली. २००८ ची नोंद तारखेसकट समोर होती.

आता सावधगिरीच्या गोष्टी. देखभाल संपलेली प्रणाली म्हणजे कडी नसलेलं दार. तिच्यावर ईमेल, बँक, सरकारी पोर्टल काही करायचं नाही. आम्ही त्या लॅपटॉपचं वायफाय बंदच ठेवलंय. तो फक्त जुनं दप्तर वाचण्यासाठी. रोजच्या कामाला दुसरं जुनं यंत्र हवं असेल, तर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची बॉस यांचा विचार करा. या फुकट मिळतात, हलकी आवृत्ती जुन्या यंत्रावर चालते आणि त्यांची देखभालही होत असते. केरळच्या सरकारी शाळांनी संगणक शिक्षण लिनक्सवर चालवून दाखवलं आहे.

दुसरी गोष्ट कोर्टाची. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातल्या नोंदीची छापील प्रत किंवा नक्कल द्यायची, तर प्रमाणपत्र लागतं. यंत्राचा तपशील आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, त्यात द्यावा लागतो. एक भाग यंत्राचा ताबा असलेल्या व्यक्तीने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही. शुद्धलेखनसुद्धा सुधारायचं नाही. युनिकोडमध्ये बदलायची ती नक्कल. आणि बदलल्यावर ती माणसाने ओळीओळीने वाचायची, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात, नावं बदलतात. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, म्हणून जुन्या नोंदीतलं अहमदनगर बदलायला जाऊ नका. सूचीत दोन्ही नावं लिहा, म्हणजे शोधताना सापडेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लॅपटॉप दुरुस्तीला देतो तेव्हा आपण त्यासोबत काय देतो? बलात्काराची तक्रार केलेल्या मुलीचं नाव देतो, घर सोडून आलेल्या बाईचा आजचा पत्ता देतो. दुकान तालुक्याच्या गावातलं, दुकानदार तिच्या दिराच्या ओळखीचा निघू शकतो. फाइल 'डिलीट' केली म्हणजे ती गेली असं नसतं. साधं फॉरमॅट केल्यावरही ती परत काढता येते. म्हणून यंत्र दुकानात द्यायचंच झालं, तर डिस्क काढून द्या. दोन-चार स्क्रूंचं काम असतं बहुतेक जुन्या यंत्रांत. भंगारात देताना डिस्क पूर्ण पुसा किंवा फोडा, आणि बाकीचं यंत्र नोंदणीकृत ई-कचरा केंद्रालाच द्या.

हे सगळं आपल्याला जमेल का, असा प्रश्न मनात येतो. हा प्रश्न कुणी शिकवला आपल्याला? घरातला मिक्सर, गॅसची शेगडी, शिवणयंत्र आपण रोज हाताळतो, पण स्क्रूड्रायव्हर मात्र भावाच्या हातात. संगणकाचंही तेच झालं. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाला, गावोगावच्या मुली टाइप करायला शिकल्या. यंत्र उघडणारा मात्र 'तो'च राहिला. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या कामातून फारसं न शिकलेल्या, दलित-आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. बंद पंपासाठी सरकारी मेकॅनिकची वाट पाहणं त्यांनी थांबवलं, आणि गावातलं त्यांचं स्थानही त्याने हललं. आपल्या जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत चौदा तालुके. प्रत्येक तालुक्यात यंत्र उघडू शकणाऱ्या दोन बायका, एवढं आपल्याला अवघड आहे का?

तर पुढच्या तीन महिन्यांसाठी माझी सूचना अशी. प्रत्येक केंद्राने आपल्या यंत्रांची यादी करावी: साल, प्रणाली, मराठी सॉफ्टवेअर, किल्ली, डोंगल कुठे आहे. दप्तराच्या दोन नकला घ्याव्यात आणि त्या दोन वेगळ्या जागी, कुलपात ठेवाव्यात. आणि प्रत्येक तालुक्यातून दोघींनी पुढच्या शिबिराला स्वतःचा लॅपटॉप घेऊन यावं. एक बारीक स्क्रूड्रायव्हरही आणा. नावं आत्ताच द्या, वही तुमच्याकडे फिरवते आहे.